दात बघताना

लातूरच्या धावपट्टीवर, तुरीची रास झाल्यानंतरच्या उन्हात
ते उभं होतं. सात आसनांचं, पांढरं,
पोटावरून गेलेली निळी रेघ
आणि रेघेखाली आधीच्या मालकाचं नाव
खरवडलेलं, तरी तिरप्या उजेडात
वाचता येईल एवढं उरलेलं.

उमाकांत हालगे, डाळ मिलवाले,
बूट घालून आत जावं की काढून
म्हणून दारात थबकले.
मग काढलेच.
मोज्यांवर चढले तीन पायऱ्या.
"तांबोळी मॅडम, रंगाचं मला कळतंय.
आतलं तेवढं तुम्ही बघा."

आतलं.
सतरा वर्षं. चार हजार दोनशे तास.
उड्डाणं मात्र पाच हजार नऊशे,
म्हणजे हे लांब कधी गेलंच नाही,
चढलं की उतरलं, चढलं की उतरलं.
एका पानावर चहाच्या कपाचा गोल.
आणि मध्येच चौदा महिने कोरे.
ना तास, ना सही.
कुठं बांधून ठेवलं होतं रे तुला?

दिल्लीचा दलाल म्हणाला, हँगरमध्येच होतं, एकदम सावलीत.
मी त्याच्याकडं बघितलं.
अब्बांनी शिकवलं तसं.

चाँदसाब तांबोळी, हळीच्या बाजारातले दलाल,
बैलाकडं आधी बघायचेच नाहीत.
विकणाऱ्यानं कासरा कसा धरलाय ते बघायचे.
मग ओठ वर करून दात:
दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळला.
"जुळल्यावर दात बोलत नाहीत, बेटा.
पुढचं वय खुराला विचारायचं."

मी उजव्या इंजिनात बोरोस्कोप सोडला.
पातं, पातं, पातं,
आणि एका कडेला टवका,
तुरीच्या कणीएवढा,
कुणीतरी घासून गुळगुळीत केलेला.
लॉगबुकात एक ओळ नाही.
दलालानं रुमालानं मान पुसली.

हालगे खिडकीशी बसून स्वप्न मोजत होते:
सकाळी कलबुर्गीचा सौदा,
दुपारी संभाजीनगर,
रात्री नऊला घरची भाकरी.
"नांदेडला किती लागतील?"
वीस-बावीस मिनिटं.
"सोलापूर?"
चाकं आत घेतली की बाहेर काढायची वेळ.
ते हसले. मी नाही हसले.
"साहेब, याचं वय तासात नाही, उतरण्यात आहे.
जितकं जवळ जाल, तितकं लवकर म्हातारं होईल."

बराच वेळ ते गप्प.
बाहेर टिटवी ओरडत धावपट्टी ओलांडून गेली.
मग त्यांनी समोरच्या आसनाच्या डोक्यावरचं
पांढरं कापड काढलं,
जुन्या मालकाची दोन अक्षरं विणलेलं,
आपल्या उजव्या हातावर पसरलं
आणि हात माझ्यापुढं केला.
"आमच्या आजोबांच्या आडतीत असंच चालायचं.
बोला."

अब्बांनी मला उपरण्याखाली हात कधी दिला नव्हता.
पोरीचं काम नव्हतं ते.
मी चिंचेखाली, बैलांच्या शेणाच्या वासात उभी राहून
नुसते कोपर बघायची,
कोपर हललं की आकडा हलला,
आणि घरी येताना अब्बांची बोटं
अजून कुणाशी तरी बोलत असल्यासारखी
सायकलच्या मुठीवर उघडायची, मिटायची.

मी कापडाखाली हात घातला.
हालग्यांचा तळवा गार होता,
गिरणीवाल्याचा, कडक.
दलाल मोबाईलमध्ये बघत होता,
कानानं आमच्याकडं.

किती बोटं दाबली ते सांगत नाही,
सांगत नसतात.
हालग्यांचं कोपर एकदा हललं, मग थांबलं.

बाहेर पायरीशी त्यांचे बूट उन्हात तापून गेले होते.
घालताना ते एका पायावर नाचले,
आणि पडू नये म्हणून
विमानाच्या पंखाला धरलं,
जसं कुणी जुन्या ओळखीच्या जनावराला धरतं,
भाव ठरायच्या आधीच.